नदी जरा बारीक करा

ओळखीचा माणूस असल्याशिवाय कुठेही जाऊ नये, असा भाऊसाहेबांचा सिद्धांत होता. दवाखान्यात जायचं तर निदान कंपाउंडर ओळखीचा हवा, बँकेत जायचं तर निदान शिपाई. स्मशानातसुद्धा एखादी ओळख असलेली बरी, उभं राहायला सावलीतली जागा मिळते, असं ते म्हणत. त्यामुळे सहकुटुंब राफ्टिंगला जायचं घरात ठरलं, म्हणजे त्यांना न विचारता ठरलं, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की नदीवर आपल्या ओळखीचं कोण? बरंच डोकं खाजवल्यावर एका सकाळी दाढी करताना त्यांच्या एकदम लक्षात आलं, की आपली तर खुद्द नदीशीच ओळख आहे.

भाऊसाहेब जलखात्याच्या मुख्य कचेरीत हेडक्लार्क होते. पाणी त्यांनी आयुष्यभर पाहिलं ते कागदावर. अमुक धरणातून अमुक इतके पाणी सोडण्यात आले, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं, की झोपेत त्यांचा हात धरून कुणी कागदावर ठेवला असता तरी तेच उमटलं असतं. प्रत्यक्ष पाण्याशी मात्र त्यांचं फारसं जमत नसे. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि अंघोळ करताना डोळ्यांत पाणी गेलं तरी ते टॉवेल कुठाय म्हणून घर डोक्यावर घेत. पण इमारतीतले लोक त्यांना पाण्यातला जाणकार समजत. नळ कोरडा पडला की त्यांच्या दाराची बेल वाजे, आणि भाऊसाहेबही गॅलरीत जाऊन आभाळाकडे बघत "वरून प्रेशर कमी आहे" असा निर्वाळा देत. हे लोकांना दिसतच होतं, पण भाऊसाहेबांनी सांगितलं की बरं वाटायचं.

राफ्टिंगची टूम काढली होती त्यांच्या बायकोनं. मुलीनं काढली असती तर ती एका तंबीत मिटली असती. सासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या वडिलांनी, सगळ्यांच्या अप्पांनी काढली असती तर ती दुसऱ्या दिवशी ते स्वतःच विसरले असते. पण बायको कधी काही मागतच नसे, त्यामुळे तिला नाही कसं म्हणायचं याची भाऊसाहेबांना सवय नव्हती.

ती वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसायची. दिवे गेले की माणूस दिव्यांवर चिडत नाही, खिडकीतल्या बाईवर चिडतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं त्या खिडकीच्या गोल भोकाला तोंड लावून ओरडत, आणि ती आतून "हो, नोंदवून घेते", "हो, वरती कळवते" असं ज्या आवाजात म्हणे, त्याच आवाजात घरी येऊन "हात धुऊन घ्या" म्हणे. आई रागावली आहे हे कळायला तिचा आवाज ऐकून उपयोग नाही, भांड्यांचा ऐकावा लागतो, असं मुलगी म्हणायची.

अशा बाईनं एका रात्री जेवताना, वाढता वाढता सांगितलं, "मला एकदा राफ्टिंगला जायचंय."

मुलीचा घास हातातच राहिला. "आई, तू? राफ्टिंग म्हणजे काय माहितीये ना? ती रबरी होडी असते, खळखळाटातून जाते—"

"माहितीये. आमच्या ऑफिसातली एकजण जाऊन आली. कुटुंबासाठी असते म्हणे, फार अवघड नसते."

"वल्हवणं म्हणजे शिस्त," अप्पा म्हणाले. अप्पा शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती, ती ते अंघोळीला तरी काढतात की नाही याबद्दल घरात दोन मतं होती. "एक-दोन, एक-दोन. सगळ्यांचे हात एकदम खाली गेले पाहिजेत. मी येणार."

भाऊसाहेबांनी पाणी प्यायलं आणि त्यांना ठसका लागला. घरानं तोच होकार समजून घेतला.

दुसऱ्या दिवशी बायको गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा त्यांनी तिला एकटीला गाठून विचारलं. "अगं, एवढं मनात होतं तर बागेत जाऊ, सिनेमाला जाऊ. हे पाण्याचं कशाला?"

तिनं उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "हसणार नाही ना?"

"नाही."

"मला ओरडायचंय."

"कुणावर?"

"कुणावर नाही हो. नुसतंच. ऑफिसात मला ओरडता येत नाही. घरात ओरडले तर खालचे डॉक्टर वर येतील काय झालं म्हणून. आमच्यातली ती सांगत होती, नदीचा आवाजच इतका असतो, की आपण कितीही ओरडलं तरी कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. मला एकदा पोटभर ओरडायचंय." मग ती घाईघाईनं म्हणाली, "अप्पांना सांगू नका. पोरीलाही नको. वेड लागलं म्हणतील."

भाऊसाहेब हसणारच होते, पण तिच्याकडे बघून त्यांचं हसू ओठांवरच मावळलं. कुणालाही सांगणार नाही असा त्यांनी शब्द दिला. आणि शब्द दिल्यावर त्यांनी मुलीच्या मोबाइलवर राफ्टिंगच्या चित्रफिती पाहिल्या, त्याबरोबर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रबरी होडी उभी राहत होती, आडवी होत होती, माणसं टोपलीतल्या बटाट्यांसारखी बाहेर पडत होती आणि पडणारी माणसं वर हसत होती! हे कुटुंबासाठी असेल तर ते कुटुंब लहान ठेवण्यासाठीच असणार, असं त्यांचं मत झालं.

बातमी जिन्यात पसरायला एक संध्याकाळ पुरली. खालचे दातांचे डॉक्टर खुर्चीतल्या पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून दवाखान्याच्या दारात आले. "जा, जरूर जा. पण तोंड मिटून बसा. वल्ह्याचं टोक बरोब्बर पुढच्या दोन दातांवर बसतं. मागच्या वर्षी मी एका गृहस्थांचे—" इतक्यात आतून पेशंटनं तोंड उघडं ठेवूनच काहीतरी आवाज केला, म्हणून त्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते कळलं नाही. समोरच्या फ्लॅटमधले विमावाले तर भाऊसाहेबांचा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. "अगदी बिनधास्त जा हो," ते म्हणाले. "फक्त जाण्याआधी मला एकदा भेटून जा." हे ते इतक्या मायेनं म्हणाले, की भाऊसाहेबांना रात्री दोनदा उठून पाणी प्यावं लागलं. आणि वरच्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिका बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही कशाला घाबरताय? तुमच्या खात्याचंच पाणी ना ते?"

तर दाढी करताना भाऊसाहेबांना आठवलं ते हे वाक्य. ही नदी धरणाखालची होती. तिथे पाणी यायचं ते रोज सकाळी धरणावरून सोडलं तर. आणि ते सोडणारा इंजिनिअर आपल्या गावाकडे बदली मिळावी म्हणून अर्ज करून बसला होता. तो अर्ज ज्या टेबलावर होता त्या टेबलामागे भाऊसाहेब बसत.

त्यांनी कचेरीतून फोन लावला. "मी हेड ऑफिसमधून बोलतोय," एवढं म्हणताच पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. इंजिनिअर उभा राहिला होता.

"बोला साहेब!"

हेडक्लार्कला साहेब म्हणणारा इंजिनिअर रोज भेटत नाही. भाऊसाहेबांचा आवाज आपोआप जाड झाला. "रविवारी आम्ही येतोय तुमच्या नदीवर. राफ्टिंगला. सहकुटुंब."

"वा, वा! काय सेवा करू?"

"सेवा काही नाही हो. फक्त जरा..." इथे भाऊसाहेब अडले. खात्यात याला चांगला भारदस्त शब्द आहे आणि तो त्यांनी हजारो वेळा लिहिला होता, पण ऐनवेळी तोंडात आला तो स्वयंपाकघरातला. "नदी जरा बारीक करता येईल का?"

"समजलो साहेब! काळजीच करू नका."

"बंद नको बरं का. आपलं लेकराबाळांना सोसेल इतकं."

लेकरंबाळं म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. ती कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवत होती. पण फोन ठेवल्यावर भाऊसाहेबांना फार हलकं वाटलं. आपण कुणाचं नुकसान केलेलं नाही, रविवारी न सोडलेलं पाणी सोमवारी सोडतील, पाणी कुठे पळून जातंय, असा त्यांनी हिशेब मांडला. बायकोची हौसही भागेल आणि कुणाला खरचटणारही नाही. ओळख ती हीच, असं म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक जादा चहा मागवला.

रविवारी सकाळी नदीकाठच्या तंबूपुढे सगळे उभे राहिले. लाइफ जॅकेटचे पट्टे मुलीनं आवळले तेव्हा भाऊसाहेबांची हनुवटी जॅकेटमध्ये रुतून बसली, आणि हेल्मेट घातल्यावर त्यांना फक्त सरळ समोरचं दिसू लागलं. अप्पांनी हेल्मेट घालूनच सावधान केलं. 'काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा अर्थाचा कागद समोर आला, त्यावर भाऊसाहेबांनी "काही म्हणजे नेमकं काय?" असा मुद्दा काढला.

"काका, 'काही' म्हणजे काहीही," राफ्टवाली म्हणाली. ही त्यांची गाइड. खांद्यांनी रुंद, उन्हानं रापलेली, आणि साधं "या" म्हणाली तरी पलीकडच्या काठावरची माणसं वळून बघतील असा आवाज. "सही करा नाहीतर काठावर बसून आमच्या चपला सांभाळा." भाऊसाहेबांनी सही केली.

मग तिनं पुढचे टप्पे सांगितले. पहिला खळाळ, त्याचं नाव शिंक. दुसरा, काका. शेवटचा आणि सगळ्यांत मोठा, हिसका.

"काका का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तिथे एक काका पडले होते."

"मग?"

"मग काय, काढले बाहेर. आता दरवर्षी येतात." तिनं सवयीनं नदीकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "आज हिला झालंय तरी काय?"

नदी होती, पण असून नसल्यासारखी. एरवी पाण्याखाली असणारे धोंडे पाठी वर काढून ऊन खात बसले होते, आणि त्यांच्यामधून पाण्याची एक धार कुणाच्या पायात न येता बाजूबाजूनं चालली होती. दुसऱ्या राफ्टमध्ये कुठल्याशा बँकेचा स्टाफ होता, मॅनेजरसकट. ते सगळे काठावर येऊन पाण्याकडे बघत उभे राहिले. राफ्टवालीनं धरणावर फोन केला, ऐकलं आणि बंद केला.

"हेड ऑफिसमधलं कुणीतरी बडं प्रस्थ येणार आहे म्हणे आज. त्याच्यासाठी कमी ठेवलंय."

बडं प्रस्थ हे शब्द ऐकून भाऊसाहेबांची छाती जॅकेटच्या आत थोडी फुगली. त्यांना आजवर कुणी प्रस्थ म्हटलं नव्हतं.

"कोण हा गाढव?" बँकेचा मॅनेजर म्हणाला, आणि छाती पुन्हा जागेवर बसली.

तरीही निघायचं ठरलं, आलोच आहोत तर. बायकोनं पुढची जागा मागून घेतली. ती काही बोलत नव्हती, पण राफ्टची दोरी तिनं दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचे डोळे लखलखत होते. भाऊसाहेब तिच्या मागे बसले. अप्पांनी शिट्टी फुंकली, एक-दोन, एक-दोन सुरू झालं, आणि 'दोन'लाच राफ्ट धोंड्यावर चढून बसली.

"उड्या मारा!" राफ्टवाली ओरडली. "बसल्या जागी! जोरात!" सगळ्यांनी बसल्या जागी उड्या मारल्या. राफ्ट निघाली आणि पुढच्या धोंड्यावर बसली. पुन्हा उड्या. असं करत करत नदीपेक्षा जास्त अंतर त्यांनी हवेतूनच कापलं असावं. बँकेची राफ्ट तर दोन खडकांच्या मध्ये पाचरीसारखी अडकली, आणि तिच्यात बसून मॅनेजर हाताखालच्या लोकांना सूचना देत राहिला. शेवटी सगळे खाली उतरले, राफ्टी डोक्यावर घेतल्या आणि घोटाभर पाण्यातून चालू लागले. पुढे अप्पा शिट्टी वाजवत, मागे दोन राफ्टी, त्यांच्याखाली नुसते पाय. काठावर पाणी प्यायला आलेली एक म्हैस हे बघून पाणी न पिताच परत गेली.

शिंक आली ती अशीच आली. एरवी तिथे पाणी म्हणे शिंकल्यासारखं उडतं. आज ते नुसतं हुंगत होतं. राफ्टवालीनं राफ्ट खाली ठेवायला लावली, "बसा, एवढं तरी करून घेऊ" म्हणाली, आणि राफ्ट हळूच एक वीतभर खाली घसरली.

त्या वीतभर घसरणीत भाऊसाहेबांनी पाहिलं, की पुढे बसलेल्या बायकोनं मान मागे टाकली, खोल श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"आऽ—"

एवढाच आवाज निघाला, पण तो त्या शांततेत काठापर्यंत ऐकू गेला. सगळे गर्रकन वळले.

"काय झालं?" मुलगी.

"लागलं का गं?" अप्पा.

"काकू, ठीक आहात ना?" मागच्या राफ्टमधून बँकेची एक मुलगी.

"काही नाही, काही नाही," बायको म्हणाली. "पाय जरा मुडपला." आणि ती हसली. ते हसू भाऊसाहेबांच्या ओळखीचं होतं. दिव्यांची तक्रार घेऊन ते एकदा तिच्या खिडकीशी गेले होते, तेव्हा काचेमागून तिनं त्यांच्याकडे असंच पाहून हसून "नोंदवून घेते" म्हटलं होतं. तिनं दोरी सोडली आणि हात मांडीवर ठेवले.

भाऊसाहेबांनी आपलं वल्हं खाली ठेवलं. तिनं सगळ्या जन्मात एक गोष्ट मागितली होती, थोडा आवाज. आणि आपण फोन करून तो बारीक करून ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "मला फोन द्या."

फोन राफ्टवालीकडे प्लास्टिकच्या पिशवीत होता, आणि रेंज मिळायची ती समोरच्या टेकाडावर. भाऊसाहेब जॅकेट आणि हेल्मेटसकट टेकाड चढू लागले. फोन आपला म्हणून राफ्टवाली मागोमाग, हे कुठे चालले म्हणून घरचे मागोमाग, आणि दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून बँकेचा सगळा स्टाफ मागोमाग. वर पोचेस्तोवर भाऊसाहेबांना धाप लागली होती. राफ्टवालीनं फोन लावून दिला आणि म्हणाली, "भिजल्यापासून याचं नुसतं स्पीकरवरच ऐकू येतं हं, काका."

त्यामुळे पुढचा सगळा संवाद जनतेसमक्ष झाला.

"मी हेड ऑफिसमधून बोलतोय," भाऊसाहेब धापा टाकत म्हणाले.

"साहेब!" इंजिनिअरचा आवाज टेकाडभर घुमला. "कसं काय? ठेवलंय ना अगदी घोटाभर? म्हटलं, साहेबांचा पायसुद्धा भिजायला नको!"

सगळ्यांच्या माना भाऊसाहेबांकडे वळल्या. हेल्मेटमुळे त्यांना बाजूचं दिसत नव्हतं, ही देवाचीच कृपा. मॅनेजरचा आवाज मात्र ऐकू आला. "म्हणजे हाच तो गाढव!"

"अहो, पाणी वाढवा," भाऊसाहेब म्हणाले. "रोज असतं तेवढं सोडा. ताबडतोब."

"अं, साहेब, त्याचं काय आहे," इंजिनिअर घुटमळला, "कमी करायला तोंडी चालतं. वाढवायचं तर भोंगे वाजवायला लागतात, खालच्या लोकांना हाळी द्यायला लागते, आणि रजिस्टरला कारण लिहायला लागतं. तुमच्याच टेबलावरून आलेलं परिपत्रक आहे ना साहेब."

होतं. तीनदा खोडून त्यांनीच ते पक्कं केलं होतं, आणि त्यातली 'सबळ कारणाशिवाय' ही शब्दरचना त्या वेळी त्यांना फार आवडली होती.

"तर कारण काय लिहू? सकाळी कमी का केलं आणि आता वाढवायचं का?"

भाऊसाहेबांनी मान वळवली. हेल्मेटच्या चौकटीत बायको आली. ती त्यांच्याकडेच बघत होती आणि अगदी बारीक, कुणाला दिसणार नाही अशी मान हलवत होती. नको, सांगू नका. खरं कारण त्यांच्या जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर स्वतःची अर्धी अब्रू वाचली असती, बायकोच्या हट्टापायी केलं म्हणून लोकांनी हसून सोडून दिलं असतं.

"लिहा," ते म्हणाले. "हेडक्लार्क घाबरला होता."

"काय? साहेब, आवाज कटतोय—"

"घाबरला होता!" भाऊसाहेब ओरडले. "हेडक्लार्कला पोहता येत नाही! पाण्याची भीती वाटते! म्हणून त्यानं सगळ्यांची नदी कमी केली! लिहिलं?"

पलीकडून रजिस्टरवर पेन फिरल्याचा आवाज आला. मग अदबीनं प्रश्न आला, "आणि आता... भीती गेली, असं लिहू का?"

"गेली नाही. आहे तशीच आहे. पाणी सोडा!"

कुणी हसलं नाही. मॅनेजर हसायच्या बेतात होता, पण अप्पांनी त्याच्याकडे एकदा शाळेतल्यासारखं पाहिलं आणि त्यानं तोंड आवरलं. मुलगी जवळ आली. बाबांच्या हेल्मेटचा पट्टा सैल नव्हता तरी तिनं तो नीट केला.

भोंगे वाजले. राफ्टवालीनं राफ्टी उंचावर ओढून घेतल्या आणि एकूण एक माणसाला काठावर वर बसवलं. "आता पाय खाली कुणी ठेवायचा नाही," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती हळू बोलली होती.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडच्या झाडांतली पाखरं एकदम उठली. ओल्या मातीचा गार वास आला, वारा नसताना आला. आणि वळणावरून फेसाची एक मळकट ओळ चालत आली. वाळकी पानं, काटक्या, कुणाची तरी एक रबरी चप्पल, सगळं पुढे ढकलत ती आली, अगदी सावकाश, घर झाडत यावं तशी. भाऊसाहेबांना वाटलं, एवढंच? तेवढ्यात त्यांच्या बुडाखालचा खडक थरथरू लागला. आवाज कानांनी ऐकण्याआधी हाडांना कळला. त्या ओळीमागून नदी आली.

ती नुसती येत नव्हती, ती जागा घेत होती. ऊन खात बसलेले धोंडे एकेक करून नाहीसे झाले. ज्या खडकांत बँकेची राफ्ट अडकली होती त्यांच्यावरून हिरवं, जाड, चकाकतं पाणी कमान करून गेलं आणि पलीकडे पांढरंशुभ्र फुटलं. एवढं पाणी कुठून येत होतं आणि येतच कसं राहत होतं! भाऊसाहेबांचे हात आपोआप जोडले गेले. सोडण्यात आले, सोडण्यात आले, असं लिहून लिहून आपण ज्याच्यावर इतकी वर्षं शिक्के मारले ते हे होतं? याला कोण सोडणार आणि कोण धरणार? त्यांना स्वतःची लाज वाटली, भीती तर वाटलीच, आणि या दोन्हींपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं, त्यानं त्यांचे डोळे भरून आले. शेजारी अप्पा बसले होते. त्यांची शिट्टी ओठांतून कधीच गळून पडली होती आणि तोंड उघडंच होतं. मॅनेजरनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

मग पाणी आपल्या पातळीला स्थिरावलं आणि राफ्टवालीनं वल्हं उचललं.

शिंकेनं त्यांना नखशिखांत भिजवलं. काका ओलांडताना भाऊसाहेब दोनदा राफ्टबाहेर जाऊन मुलीनं जॅकेटला धरल्यामुळे दोनदा परत आले. त्यांनी वल्हं कधीच सोडून दिलं होतं, ते दोरीला लोंबकळत होते आणि जी देवांची नावं आठवतील ती घेत होते. आणि समोर हिसका आला. नदी तिथे एकदम वाकून खाली जात होती. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, फक्त धूर वर येत होता, पाण्याचा.

"फॉरवर्ड! थांबू नका! फॉरवर्ड!" राफ्टवाली मागून ओरडत होती.

राफ्टचं तोंड खाली झुकलं. आणि बायको ओरडली.

"लाइट गेली तर मी काय करूऽऽ!"

भाऊसाहेब पडायचेच राहिले.

"मी काय करू! मी खाते का तुमची वीऽऽज! रांगेत उभे राहाऽऽ! रांगेऽऽत!" राफ्ट कोसळली, पाण्याची भिंत अंगावर आली, ती दिसेनाशी झाली, आणि भिंतीतून तिचा आवाज आधी बाहेर आला, मग ती आली. आता त्यात शब्द नव्हते. नुसता आवाज होता, उंच, मोकळा, थांबायला तयार नसलेला. इतकी वर्षं त्या आवाजानं हात धुऊन घ्या म्हटलं होतं, आणि हे सगळं त्याच्या मागे उभं होतं, वाट बघत! भाऊसाहेबांना वर नदी दिसत होती, खाली नदी दिसत होती, त्यांचा एक बूट वाहून गेला होता, त्यांना मरणाची भीती वाटत होती, आणि तरीही ते घेत होते ती देवांची नावं मध्येच विसरून बायकोच्या पाठीकडे बघत बसले. एवढं मोठं काही त्यांनी जन्मात जवळून पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांच्याच घरात राहत होतं.

खालच्या डोहात पाणी एकदम संथ झालं. राफ्ट आपल्याच नादात गोल फिरत राहिली. सगळे नुसते निथळत होते.

"कोण होतं ते?" राफ्टवाली म्हणाली. "माझी कमांड मलाच ऐकू येईना."

मुलगी आईकडे टक लावून बघत होती, आज पहिल्यांदाच भेटल्यासारखी. अप्पा म्हणाले, "छाती चांगली आहे पोरीची. शाळेत मी तिला उगाच मागच्या रांगेत उभं करायचो."

बायकोनं तोंडावरचे केस बाजूला केले. तिचा आवाज पार बसला होता. "अहो," ती कशीबशी म्हणाली, "फार झालं का?"

भाऊसाहेबांचे दात थडथड वाजत होते. त्यांनी मागे पाहिलं. हिसका तिथून नीट दिसत होता, आणि खालून तो वरून दिसला त्याहून कितीतरी भयंकर होता. काठाकाठानं राफ्ट वर घेऊन जायला पाऊलवाट होती.

"पुन्हा एकदा जाऊया?" ते म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला भीती वाटते ना?"

"वाटते ना. फार वाटते."

"मग?"

"मघाशी पाणी कानात गेलं," भाऊसाहेब म्हणाले. "मधलं थोडं ऐकायचं राहिलं."

राफ्ट काठाला लागली. मग खाली उतरून तिनं राफ्टची पुढची दोरी खांद्यावर घेतली आणि ती पाऊलवाटेला लागली. भाऊसाहेबांनी मागचं टोक उचललं आणि एका बुटावर लंगडत ते तिच्या मागे वर चढू लागले.